गाठीची फाईल सासरीही जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनातली साधी गाठ आता टाके न घालता सुईने काढता येते, हे आमच्या कराडसारख्या गावातही लोकांना कळू लागलं आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण गाठ निघाल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मुलीवर जी वेळ आली, ती दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे पत्र.

तिला तेविसाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती, बोटाखालून गोटीसारखी सटकायची. सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखालच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. लग्न न झालेली मुलगी इथे कशाला, असं ओळखीच्या एका बाईंनी विचारलंच. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली की लोकांना दिवस गेलेलेच आठवतात. या लाजेपायी किती मुली तपासणी टाळत असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं.

रिपोर्टमध्ये फायब्रोअ‍ॅडेनोमा (म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ) आणि ‘बायरॅड्स ३’ (गाठ किती संशयास्पद आहे ते सांगणारा आकडा) असं लिहिलं होतं. या आकड्यानेच मी घाबरले. डॉक्टरांनी समजावलं, की ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. तरुण वयात स्तनाची घडण दाट असते, मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ झाकली जाते, म्हणून सोनोग्राफी. फायलॉइड्स नावाची वाढणारी गाठही सुरुवातीला अशीच दिसते, म्हणून जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी केली. फायब्रोअ‍ॅडेनोमाच निघाला. गाठ तशीच ठेवून ६, १२ आणि २४ महिन्यांनी सोनोग्राफी करत राहिलं असतं, तरी चाललं असतं.

पण स्थळं बघायला सुरुवात झाली होती. लग्नाआधी काढून टाका, असं घरात प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हणत होते. ती घाई गाठीसाठी नव्हती, लोकांसाठी होती, हे मला आज कबूल करावंसं वाटतं.

पुण्यात व्हॅक्यूमच्या सुईने गाठ काढली. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत, पोकळ सुईने गाठ तुकड्यातुकड्याने ओढून घेतात. छेद जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, टाका नाही, संध्याकाळी आम्ही परत निघालोही. तुकडे तपासणीला गेले, निष्कर्ष तोच आला. गाठ गोठवण्याचा किंवा उष्णता देऊन मारण्याचाही उपाय आहे, पण त्यात तपासायला काही हाती उरत नाही, म्हणून आधी बायोप्सी झालेलीच हवी. शिवाय ती गाठ कित्येक महिने हाताला लागत राहते. हे आधी माहीत नसेल, तर बाई उपचार फसला असंच समजणार.

निघताना डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला बजावलं होतं. मधल्या काळात लग्न झालं. मुलगी नाशिकला गेली आणि फाईल आमच्या कपाटात राहिली. सासरी आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

ठरल्या वेळी ती तिथे एकटीच तपासणीला गेली. गाठीच्या जागी काळी, वेडीवाकडी सावली दिसली. आधीचं चित्र समोर नाही, काय केलं होतं त्याचा कागद नाही. तिथल्या डॉक्टरांनी ‘बायरॅड्स ४’, म्हणजे संशयास्पद, असं लिहून बायोप्सी सांगितली. त्यांना मी दोष देत नाही. सुईने गाठ काढल्यावर आत रक्त साकळतं, व्रण धरतो, आणि तो व्रण सोनोग्राफीत कधी कधी संशय यावा असाच दिसतो. रात्री फोनवर मुलगी रडत होती आणि मी कपाट उपसत होते. पहिल्या सेंटरने चित्रं दिलीच नव्हती, फक्त एक कागद होता. पुण्याच्या रुग्णालयाची सीडी सापडली, म्हणून निभावलं. रिपोर्टमध्ये जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात: ‘२ वाजता, स्तनाग्रापासून ३ सेंमी’. सावली नेमकी तिथेच होती. जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून पाहिल्यावर तो व्रणच ठरला, बायोप्सी टळली, पुन्हा सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

म्हणून सोनोग्राफी सेंटरांना माझी कळकळीची विनंती आहे: नुसता कागद देऊ नका, चित्रंही द्या. गाठीची लांबी, रुंदी, खोली आणि जागा दर वेळी लिहा, कारण गाठ वाढली की नाही ते त्यावरूनच कळणार. आणि मुलींच्या आयांना सांगते, दागिन्यांच्या डब्याबरोबर ही फाईलही मुलीला द्या. सासरी मोकळेपणाने सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना अशा गाठी वाढू शकतात, तेव्हा तिच्याजवळ कोण असणार आहे? सासरचीच माणसं ना!

आम्ही शेवटी सांगितलं. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, आधी का नाही बोललात?’’ मुलीची पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये आहे. जावई रजा काढून बरोबर जाणार आहेत, आणि फाईल आता नाशिकलाच असते.

आपली,
एक आई, कराड
(कृपया नाव छापू नये.)