बाबा, मी अर्ज भरते आहे

नागपूर,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

फोनवर हे बोलणं झालं नसतं. बाबांनी "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे दिला असता आणि आईचा गळा भरून आला असता. म्हणून लिहिते. मी विधानसभेला उभी राहते आहे. आपल्याच भागातून, अपक्ष. २९ तारखेपर्यंत अर्ज भरायचा आहे, २० नोव्हेंबरला मतदान. कागदपत्रं तयार आहेत. म्हणजे ठरलं आहे, आणि हे तुम्हाला असं ठरल्यावर सांगताना जीव खालीवर होतोय.

आधी पैशाचं सांगते, बाबांचा जीव तिथेच अडकेल. सातबाऱ्यावर एका पैशाचाही बोजा चढणार नाही. अनामत १०,००० रुपये, ती माझ्या वकिलीच्या कमाईतली. खर्चाची मर्यादा ४० लाखांची असली तरी मला त्याच्या आसपासही जायचं नाही. गाडी घरचीच आहे, पत्रकांचा खर्च कोर्टातल्या मैत्रिणींनी उचलला आहे. एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर अनामत जाईल, त्याची तयारी ठेवली आहे. पोरीची फी आणि तुमच्या औषधांचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. यांनी सगळा हिशेब दोनदा तपासला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला मी बघते, तू जा."

अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात. बाबा, त्यात तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. तुम्ही कोणत्या झेंड्याखाली उभं आयुष्य काढलं ते मला ठाऊक आहे. पारावर ज्यांच्यासोबत बसता त्यांच्यासमोर तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको. मत कोणाला द्यायचं तेही मी कधी विचारणार नाही. यातलं काहीही तुमच्याविरुद्ध नाही, एवढं मात्र मनापासून ऐका.

आता का, ते. गेल्या रब्बीत मी घरी होते तेव्हा रात्री दोनला लाईन आली आणि तुम्ही उठलात. मी मागोमाग आले होते, तुम्हाला कळलं नाही. टॉर्च बगलेत धरलेला, धुऱ्यावरचं गवत काठीनं बडवत चाललात. स्टार्टरची पेटी उघडून आधी आत काडी फिरवली, काही वळवळत नाही बघितलं, मग हिरवं बटण दाबलं. या वयात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरचं बिल सरकारनं यंदा माफ केलं, चांगलंच केलं. पण लाईन रात्रीचीच राहिली तर माफीचा अर्धाच उपयोग. माझी पहिली मागणी दिवसा थ्री-फेजची आहे. दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचं काम आपल्या फीडरवर कुठवर आलं, ते प्रत्येक अधिवेशनात विचारायचं आणि उत्तर गावात येऊन सांगायचं.

भावाबद्दल मी खोटं बोलणार नाही. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे, लांब धाग्याच्या कापसाचा ७,५२१, आणि व्यापारी सोयाबीन किती पाडून मागतो ते तुम्हीच मला सांगता. हमीभाव दिल्ली ठरवते. "मी भाव वाढवून देते" असं मी एकाही सभेत म्हणणार नाही, ते आमदाराच्या हातात नाही. पण खरेदी केंद्र वेळेत उघडावं, नोंदणीसाठी माणसाला चार चकरा पडू नयेत, ओलाव्याचं मशीन सगळ्यांसमोर लागावं, यासाठी सरकारच्या मानगुटीवर बसता येतं. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला म्हणून भरलेली ट्रॉली परत पाठवतात. त्या शेतकऱ्याला तिथेच माल वाळवायला जागा आणि ताडपत्री द्यायला काय लागतं?

विम्याचंही तसंच. एक रुपयात विमा निघतो, पण नुकसान ७२ तासांत कळवायचं, आणि वावरात मोबाइलला रेंज नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फायली नुसत्या त्या उशिरामुळे अडलेल्या आहेत. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला तरी तो वेळेत धरला पाहिजे, हे मला सभागृहात मांडायचं आहे. डुकरं आणि रोह्यांनी (नीलगायींनी) केलेल्या नुकसानीचे पंचनामे, संत्र्याच्या फळगळीचे पंचनामे, पांदण रस्ते, हे सगळं जाहीरनाम्यात आहे. बाबांना वाचायला मोठ्या अक्षरात छापून आणते.

आई, तुझ्या त्या रात्रीनंतर मी दवाखान्याच्या प्रश्नाकडे निराळं बघू लागले. मला नवी इमारत मागायची नाही. आहे त्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर मुक्कामी हवा आणि सर्पदंशाचं इंजेक्शन हवं. आणि शाळा. वीसपेक्षा कमी पोरं आहेत म्हणून जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळायची, याला माझा विरोध आहे. तुझ्या अंगणवाडीतून निघालेली लहान लेकरं नाला ओलांडून कुठं जातील? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, तसा नियमच आहे.

बाबा, तुम्ही मला कापसाच्या मोर्चाला आणलं होतं ते आठवतं? यशवंत स्टेडियमजवळ मी पाय दुखतात म्हणून रडले आणि तुम्ही खांद्यावर घेतलं. तुमच्या टोपीला घामाचा वास होता, आणि तुम्ही खिशातून मुरमुऱ्याचा लाडू काढून वर हातात दिला होता. वरून सगळी माणसंच माणसं दिसत होती. अधिवेशन काय असतं ते मला तेव्हा तुम्हीच समजावलं. आता मी कोणाचं ऐकून बिघडले असं कोणी म्हणालं, तर हे आठवा.

माझी काळजी करू नका. प्रचारात रात्रीचा मुक्काम घरीच, आईच्या हातची ज्वारीची भाकर आणि झुणका खाऊन. म्हणजे महिनाभर मी तुमच्याजवळच आहे, इतकी तर लग्नानंतर कधी राहिलेच नाही. आईच्या मोतीबिंदूची तारीख निकालानंतरची घेतली आहे, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय. गॅस सिलिंडर नोंदवला, इन्व्हर्टरची बॅटरी या आठवड्यात बदलून मिळेल.

आणि आता माझं ऐका. कोणी कुठल्या कागदावर सही मागितली तर करायची नाही, मला विचारायचं. कोणी साडी, पाकीट, मिठाई आणली तर हात जोडून परत. पारावर माझ्यावरून कोणाशी भांडायचं नाही, बाबा, कोणी काहीही बोललं तरी. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, विसरलात तर संध्याकाळी दोन घ्यायच्या नाहीत. आई, आलेल्या प्रत्येकाला चहा करत बसू नको, गुडघे सुजतील. मोटरला रात्री गड्याला पाठवा, त्याचे पैसे मी देते.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा मी येईपर्यंत करू नका. व्यापारी घाई करेल, दिवाळीचं कारण सांगेल, तरी इसार घ्यायचा नाही. मी रविवारी सकाळी पोहोचते, बाग फिरून बघू आणि मग काय ते ठरवू.

तुमची,
गुड्डी