दानाचा हिशेब माझ्याशिवाय जुळला

ठाणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,
सप्रेम सलाम.

तुझे मेसेज वाचून ठेवलेत, उत्तर एकालाही नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे. माझी बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे होते तसेच.

आज मी उपासनेत झोपलो. डुलकी नव्हे, चक्क झोप. घरी विषय वाढवला तर ही उद्याच डॉक्टरकडे नेईल, ऑफिसात सांगण्यासारखं नाही आणि चर्चच्या मंडळीने तर डोळ्यांनी बघितलंच आहे. उरलास तू. शब्बाथ शाळेत घोरतोस म्हणून बाईंची छडी खाल्लेला दुसरा कोण आहे माझ्या ओळखीत?

त्यात शास्त्रपाठ माझ्याकडेच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ म्हणून खणखणीत वाचतोय आणि खिशात फोन थरथरतोय, कारण ऐरोलीला सर्व्हर पडलेला. शनिवारची रात्र त्याच्याशीच झटापटीत गेली होती. वाचून बाकावर बसलो, ते जाग आली तेव्हा चर्च रिकामं, पंखे बंद आणि माझा चष्मा कुणीतरी उचलून गीतांच्या पुस्तकावर ठेवलेला. धावत व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत गेलो. आत्या आणि कॉयरमधली पोरं दानाच्या थैल्या मोजून बसली होती. नाण्यांच्या चळती लावलेल्या, नोटांना रबर, वहीत आकडासुद्धा चढवलेला. खजिनदार मी. पुन्हा मोजलं. जुळत होतं.

खरं सांगू? आधी रागच आला. एवढी वर्षं माझ्यावाचून अडतं असं धरून चाललो होतो, आणि आत्याने पेन्सिलीने बेरीज करून मोकळं केलं! मग तिथेच स्टुलावर बसलो आणि इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. पाळकसाहेब दारात होते. म्हणाले, ‘एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला, तर देवदूताने त्याला उठवून भाकर दिली. तो खाऊन परत झोपला, तेव्हाही देवदूत रागावला नाही. मी कशाला रागावू?’

आता माझा घोळ ऐक. थकलेल्या माणसाला कुठेही झोप लागते. ऐरोलीला उतरायचं सोडून तुर्भ्याला जागा झालेला माणूस आहे मी. मग आजची झोप प्रभूने दिली म्हणायची की जागरणाने? फरक एवढाच की गाडीत झोपेतही हात बॅगेवर असतो. आज हात मोकळे होते.

आणि त्या अकराव्या अध्यायात प्रभू ‘जू टाकून द्या’ म्हणत नाही, ‘माझे जू आपणांवर घ्या’ म्हणतो. तिथेच माझी गाडी अडते. तुझ्या आजोबांनी खोंडाला म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपलं होतं, आठवतं? खोंड धसमुसळेपणाने ओढून फेसाळला, म्हातारा आपल्या चालीने चालला होता, आणि नांगर खरा तोच ओढत होता. मला खजिनदारी सोडायचीय, रविवारचं ऑन-कॉलही नको झालंय. पण हे त्याचं जू घेणं झालं की माझा आळस? तू कॉयर सोडलंस तेव्हा तुला कसं कळलं? (नाताळच्या आठवड्यात सोडलंस, ते चूकच होतं. त्यावरून मी मागे हटणार नाही. टेनर कुणी गायलं ते मलाच माहीत.)

परवा ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, ‘सर, संडे नको म्हणजे धार्मिक कारण का?’ म्हटलं, बाबा, ही सुट्टी आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांसाठी भांडून मिळवली, 1890 साली. आणि रविवारच का, तर तो खंडोबाचा वार! पोरगं बघतच राहिलं. खंडोबाच्या नावाने मिळालेली सुट्टी आपण ख्रिस्ती लोक कमिटीच्या मीटिंगांत घालवतो, हे मात्र त्याला सांगितलं नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, कारणच दिलंय की तुम्ही मिसरात गुलाम होतात, हे आठवा. दासदासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा. फक्त खजिनदाराचा उल्लेख राहून गेला.

वहिनींची बदली झाली का? पोरीची दहावी यंदाच ना? नगरचं घर विकायची घाई करू नकोस, भेटल्यावर बोलू.

पुढच्या रविवारी कमिटी आहे. तुझ्या त्या राजीनाम्याची प्रत असली तर फोटो काढून पाठव, भाषा झकास होती. पंचांना मारलेले टोमणे तेवढे गाळीन.

तुझा,
खजिनदार (तूर्तास)