मुख्य गोष्ट 'विच'च्या पोटात घालू नकोस

फोंडा, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

मांडवी पुलावरचा तुझा इंग्रजी लेख मी दोनदा वाचला. माहिती चोख आहे, परंतु पहिल्याच वाक्यात अडखळलो. 'द मांडवी ब्रिज, विच कोलॅप्स्ड इन 1986, वॉज ओपन्ड इन 1970' असे तू लिहिले आहेस. व्याकरण शुद्ध आहे. मात्र प्रधान वाक्यात उद्घाटन बसले आणि 5 जुलै 1986 ची दुर्घटना 'विच'ने जोडलेल्या गौण वाक्यात, जाता जाता सांगितल्यासारखी, ढकलली गेली. पूल पडल्यावर पणजीहून बेतीला जाण्यासाठी जे आम्ही फेरीबोटीच्या रांगेत तिष्ठत उभे राहिलो, त्यांना यातली मोठी गोष्ट कोणती हे विचारायला नको.

दोन्ही क्रियापदांची अदलाबदल केलीस की निम्मे काम होते. तेवढ्यावर मात्र थांबू नकोस, कारण इंग्रजी वाक्याचा जोर बहुधा त्याच्या शेवटावर पडतो आणि तुझ्या वाक्याच्या शेवटी नुसते वर्ष उरते. 'सिक्स्टीन इयर्स आफ्टर इट वॉज ओपन्ड, द मांडवी ब्रिज कोलॅप्स्ड' असे लिहून पाहा: वाचक सोळा वर्षांचा हिशेब मनात धरून पुढे सरकतो, आणि अगदी शेवटच्या शब्दावर पूल कोसळतो.

मराठीत क्रियापद मुळातच शेवटी येत असल्यामुळे वाट पाहण्याची आपल्याला सवय असते. तीच सवय घेऊन आपण इंग्रजी लिहू लागलो की कर्ता एका काठावर, क्रियापद दुसऱ्या काठावर आणि मधे तपशिलांची मांडवी, असे होते; इंग्रजी वाचक तिथेच कंटाळतो. म्हणून मुख्य गोष्ट शेवटासाठी राखणे हे एखाद्या वाक्यापुरतेच ठेव. एरवी कर्ता आणि क्रियापद आरंभीच जवळजवळ मांडून तपशील मागाहून जोडावा.

दुसरा परिच्छेद 'ऑलदो'ने सुरू होतो. त्यात लोकांचे हाल महत्त्वाचे की फेरीबोटींनी दिलेला आधार, हे आधी ठरव. 'ऑलदो' दोहोंपैकी कशाला लावायचे ते त्यावरून तुझे तुलाच कळेल. चवथीला येताना नवा खर्डा घेऊन ये.

तुझे बाबा