जुन्या मोटारीची दुरुस्ती म्हणजे तिच्यात केलेला बदल नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांची छायाचित्रे आपल्या दैनिकात वेळोवेळी प्रसिद्ध होतात. आम्हा कोल्हापूरकरांना तर दसरा चौकातील शाही सोहळ्याला येणारी छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार लहानपणापासून परिचयाची आहे. अशा गाड्या राजघराण्यांनी किंवा धनिक संग्राहकांनी राखायच्या आणि बाकीच्यांनी कडेला उभे राहून पाहायच्या, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु साधी नोकरी केलेली माझ्यासारखी माणसेही घरच्या पडवीत एखादी जुनी गाडी वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालती करत असतात, आणि त्यांच्यापुढे सरकारी नियमातील ‘ओव्हरहॉल’ या एका संदिग्ध शब्दामुळे जी अडचण उभी राहिली आहे, ती आपल्या वाचकांपुढे आणि परिवहन विभागापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर व्यवसायाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे मी माझ्या मामांची १९४८ सालची एमजी टीसी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घरीच दुरुस्त करतो आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. १२५० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर, तारांची १९ इंची चाके आणि मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले दोन बुटके दरवाजे अशी तिची रचना आहे. या गाडीत चालकासमोरची तबकडी इंजिनाचे फेरे दाखवते. वेगाची तबकडी मात्र शेजारी बसणाऱ्यासमोर असते. त्यामुळे मामा गाडी चालवत तेव्हा वेगाचा आकडा मोठ्याने वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे असे. पुढे मामा थकले आणि गाडी आजऱ्याच्या घरी गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली, ती चाळीस पावसाळे तशीच होती.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी पद्धत आणली, याचे मी मनापासून स्वागत करतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना तिचा लाभ मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. या सर्व अटी मला रास्त वाटतात. अडचण आहे ती व्हिंटेज वाहनाच्या व्याख्येला जोडलेल्या अटीत. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसी (गाडीचा तळाचा सांगाडा), बॉडी शेल (त्यावरचे बाहेरचे कवच) किंवा इंजिनातील फेरबदल धरून तिचे कोणतेही मोठे ओव्हरहॉल झालेले नसावे, असा त्या अटीचा आशय आहे.

आता ओव्हरहॉल हा शब्द आपल्याकडे कसा वापरला जातो ते पाहावे. कोणत्याही गॅरेजमध्ये इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट बदलणे यालाच ओव्हरहॉल म्हणतात, आणि त्यात मूळ रचना बदलण्याचा काहीही संबंध नसतो. चाळीस वर्षे बंद राहिलेले इंजिन ओव्हरहॉल केल्याशिवाय चालू होणे जवळजवळ अशक्य असते. नियम शब्दशः घेतला तर गाडी गंजत उभी ठेवणारा पात्र ठरतो आणि ती कारखान्यातून आली तशी पुन्हा चालती करणारा अपात्र ठरतो. नियम करणाऱ्यांचा हेतू असा नसणार, याची मला खात्री आहे. पण हेतू कागदावर उतरलेला नाही.

माझ्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो लाकडामुळे. टीसीची चॅसी पोलादी असली तरी तिच्यावरची बॉडी ॲश या लाकडाच्या सांगाड्यावर उभी असते आणि पत्रा त्या लाकडाला बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. आजऱ्याचा पाऊस आणि वाळवी यांनी हा सांगाडा पोखरला होता. उजव्या बाजूच्या दरवाज्याचा खांब हातात धरताच त्याचा भुगा झाला. डाव्या बाजूचे लाकूड बरेचसे शाबूत होते. एकेकाळी ट्रकच्या लाकडी केबिन बांधलेले एक वयोवृद्ध सुतार या कामी मला लाभले. त्यांनी डाव्या बाजूचा प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि तो पुठ्ठा उलटा करून उजव्या बाजूचा साचा बनवला. पण पहिला खांब बसवून दरवाजा अडकवला तेव्हा तो पुढच्या टोकाला चार मिलिमीटर खाली आला. आम्ही दोन दिवस आमच्याच मापांतली चूक शोधत होतो. शेवटी लक्षात आले की गाडीच्या दोन बाजू मुळातच तंतोतंत सारख्या नाहीत, कारण ॲबिंग्डनच्या सुतारानेही दरवाजा हाताने घासून बसवला होता. मग आम्हीही तेच केले. दरवाजा लावायचा, खडू फासून कुठे घासतो ते पाहायचे, रंधा मारायचा, पुन्हा लावायचा. अकराव्या वेळी तो एका बोटाने ढकलून बंद झाला, तेव्हा सुतारकाकांनी रंधा खाली ठेवला आणि तो दरवाजा उगाचच पाचसहा वेळा उघडून लावून पाहिला.

ॲशचे लाकूड इथल्या वखारींत मिळत नाही. फर्निचरसाठी परदेशातून येणाऱ्या फळ्या मुंबईहून मागवाव्या लागल्या आणि त्यात माझ्या निवृत्तिवेतनाचा मोठा हिस्सा गेला. सागवान सहज मिळाले असते आणि ते टिकलेही असते, पण मूळ लाकूड ॲशचे असल्याने मी त्याचाच आग्रह धरला. याच कामात डाव्या बाजूचे आतले अस्तर काढले तेव्हा मागचा एक खांब सागवानी निघाला. मामांनी केव्हातरी तो बदलून घेतलेला असणार. खांब भक्कम होता आणि त्याचा सांधाही उत्तम होता, म्हणून मी तो तसाच ठेवला. आता प्रश्न असा की ही गाडी मूळ स्वरूपात आहे की नाही? ॲशच्या जागी ॲश घातले तो बॉडी शेलमधला फेरबदल धरायचा का? आणि मामांनी कधीकाळी बसवलेल्या सागवानी खांबाचे काय?

हा प्रश्न मी नोंदणीची कामे करणाऱ्या एका एजंटाला विचारला. ते गृहस्थ अनुभवी आहेत आणि त्यांनी मला वाईट हेतूने काही सांगितले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी एवढेच सुचवले की लाकूड बदलल्याचे अर्जात लिहू नका, तपासणीच्या वेळी बोलू नका आणि ती वही तर दाखवूच नका. ही वही म्हणजे गाडीचा पहिला नट सोडवला त्या दिवसापासून मी ठेवलेली नोंद आहे. कोणता भाग कधी काढला, त्याचे माप किती होते, तो दुरुस्त केला की नवा केला, नवा असेल तर कशाचा आणि कोणी केला, हे सर्व छायाचित्रांसह तीत आहे. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की काम केले की नोंद करा आणि माप लपवू नका. त्याच नोंदीमुळे गाडी नाकारली जाईल, असा सल्ला मला ऐकावा लागला, याचे मला अतिशय वाईट वाटले. ज्याने नोंद ठेवली तो अडचणीत आणि ज्याने रंगाखाली सर्व झाकले तो निश्चिंत, अशी स्थिती कोणत्याही नियमाने निर्माण करू नये.

मूळ स्वरूप राखणे म्हणजे काय, हे या गाडीच्या एका बोल्टवरून मी स्पष्ट करू इच्छितो. इंजिनाच्या तळाचा ऑइल संप, म्हणजे तेलाचे भांडे, बसवताना आठ मिलिमीटरचे काही बोल्ट खराब निघाले. बाजारातला आठ मिलिमीटरचा नवा बोल्ट लावला, तर तो दोन आटे आत जाऊन अडला. आट्यांमधले अंतर (पिच) मोजणारे पिच गेज लावून पाहिले तेव्हा कळले की आज सर्वत्र मिळणाऱ्या बोल्टचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात, तर या इंजिनातले एक मिलिमीटर अंतराचे आहेत. त्यावर कहर म्हणजे बोल्टच्या डोक्याला मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचा पानाच लागतो. याचे कारण इतिहासात आहे. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील इंजिन कारखाना मॉरिस या इंग्रज मोटार उत्पादकाने १९२३ साली विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच मापांची होती आणि ती परंपरा पुढे मॉरिसच्याच एमजी गाड्यांच्या या इंजिनापर्यंत चालत आली. अशा ठिकाणी नवा आटा पाडून बाजारातला बोल्ट कोंबणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण तसे केले की ब्लॉकमधील मूळ आटा कायमचा गेला. आम्ही उद्यमनगरातील एका लेथवर एक मिलिमीटर पिचचे आणि व्हिटवर्थ डोक्याचे चौदा बोल्ट करून घेतले. ते बोल्ट कोल्हापुरात घडले आहेत हे खरे, पण त्यांनी गाडीचे मूळ स्वरूप राखले आहे, असे मी नोंदणीसाठी गाड्या तपासणाऱ्या कोणत्याही समितीपुढे सांगेन.

याउलट फेरबदल कशाला म्हणावे, हेही आपल्याकडे सर्वांनी पाहिलेले आहे. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर अनेक जुन्या विलायती गाड्यांमध्ये अँबॅसेडरचे किंवा जीपचे इंजिन बसवले गेले आणि त्यासाठी चॅसीचे आडवे भाग कापून जोडण्यात आले. गरजेपोटी केलेले ते काम मी हिणवणार नाही, कारण त्यामुळेच काही गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. पण त्यांना व्हिंटेज म्हणून मान्यता देताना समितीने कडक राहावे, हे मला पूर्णतः मान्य आहे.

ज्या देशात ही गाडी घडली त्या ब्रिटनमध्ये, मोठे फेरबदल झालेल्या गाडीची मूळ ओळख टिकली आहे का हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे गुणांची पद्धत होती. मूळ चॅसीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी २ गुण, इंजिनाला १ गुण. मूळ चॅसीसह किमान ८ गुण मिळाले की गाडीची ओळख कायम राहत असे. चॅसीवर बसवलेल्या लाकडी सांगाड्याचा त्या यादीत उल्लेखही नव्हता. आपण तीच पद्धत उचलावी असा माझा आग्रह नाही. पण आपल्या आरसी बुकातही गाडीची ओळख चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांकावरूनच ठरते, आणि माझ्या गाडीचे हे दोन्ही क्रमांक मामांच्या जीर्ण आरसी बुकाशी जुळतात.

म्हणून परिवहन विभागाला माझी विनंती आहे की दुरुस्ती आणि फेरबदल यांतील भेद स्पष्ट करणारे परिपत्रक मराठीत काढावे. कुजलेला, गंजलेला वा झिजलेला भाग त्याच मापाचा, त्याच रचनेचा आणि शक्य असेल तिथे त्याच पदार्थाचा बसवला असेल, तर ते ओव्हरहॉल म्हणून नाकारण्याचे कारण ठरणार नाही, असे त्यात नि:संदिग्धपणे म्हणावे. टीसीसारख्या गाड्यांना मुळात वळणाचे दिवे नव्हते. आजच्या रहदारीत सुरक्षिततेसाठी असे दिवे लावले आणि ते मूळ भागांना इजा न करता काढता येत असतील, तर त्यांनाही मुभा असावी. दुरुस्तीची छायाचित्रांसह ठेवलेली नोंदवही अर्जासोबत पुरावा म्हणून स्वीकारावी. गाड्यांची तपासणी करणाऱ्या समितीत शासकीय तंत्रनिकेतनातील किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखादा यंत्रकामाचा जाणकार असेल, तर लाकूड कुठे बदलले आणि चॅसी कुठे कापली यांतला फरक त्याला दहा मिनिटांत सांगता येईल.

इंजिन गेल्या मार्गशीर्षात सुरू झाले. ब्रेकचे रबर आणि वायरिंग एवढेच काम शिल्लक आहे, आणि ते झाले की मी नोंदणीचा अर्ज भरणार आहे. वहीची सर्व पाने, सागवानी खांबाच्या पानासह, मी अर्जाला जोडणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
कोल्हापूर