पर्यटकांच्या समाधानाची पाहणी रीतसर व्हावी

संपादक महोदय,

गोव्यातल्या दूधसागर धबधब्यावरच्या, बोंडला अभयारण्यातल्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावरच्या गर्दीचा विषय निघाला की दोन आकडे पुढे येतात: तिकिटे किती खपली आणि मोबाइलवर लोकांनी किती तारे दिले. पार्किंग वाढवावे, पायऱ्या बांधाव्यात की गाड्यांची संख्याच कमी करावी, हे या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी जागेवर जाऊन रीतसर पाहणी करावी लागते. तिला पैसा फार लागत नाही, शिस्त मात्र कडक लागते.

तारे का फसवतात ते आधी पाहू. आपणहून अभिप्राय देणारा माणूस बहुधा फार खूश असतो नाही तर फार चिडलेला. मधल्या बहुसंख्यांचे मत नोंदलेच जात नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, समोर उभे राहून विचारले तरी समाधानाचा आकडा जवळपास सगळीकडे वरच राहतो. रजा काढून, पैसे खर्चून आलेला माणूस दिवस फुकट गेला असे सहसा म्हणत नाही. आणि ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी तिथे येणेच सोडलेले असते. त्यामुळे गर्दी दुप्पट झाली तरी समाधानी लोकांची टक्केवारी फारशी हलत नाही. गर्दी किती जाणवली हे वेगळे विचारावे लागते. हेबरलाइन आणि वास्के या अमेरिकी संशोधकांची १९७७ सालची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी त्यासाठी आजही वापरतात: १ म्हणजे अजिबात गर्दी नाही, ९ म्हणजे अतिशय गर्दी, ३ किंवा त्यावरचे उत्तर आले की गर्दी जाणवली असे धरतात. यायचे सोडलेल्यांना गाठायचे तर कुळे, सांगे, फोंडा इथल्या घरांत जाऊन ‘पूर्वी जात होता, आता का जात नाही?’ असे विचारावे लागेल. आमच्या मते गोव्यात सर्वांत आधी हेच विचारायला हवे.

किती जणांना विचारायचे याचे गणित सोपे आहे. ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आतबाहेर उत्तर हवे असेल तर सुमारे ३८५ जण लागतात. १० टक्क्यांची चूक चालणार असेल तर ९७ पुरतात. पण हे प्रत्येक गटासाठी वेगळे. नाताळचा आठवडा, जानेवारीतले साधे वार, मे महिन्याची सुट्टी आणि पावसाळ्यातले रविवार यांची तुलना करायची तर चारही वेळी तेवढे लोक हवेत. सगळे ३८५ नाताळातच गोळा केले तर वर्षाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय दूधसागरला एका जीपमधून आलेल्यांचा अनुभव साधारण सारखाच असतो, म्हणून प्रत्येक जीपमधून एकालाच विचारावे. त्यातही ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार असेल त्याला. नाहीतर प्रत्येक वेळी गटातला बोलका पुरुष पुढे होतो आणि बायका, म्हातारी माणसे वगळली जातात. दर पाचवा गट ठरला असेल तर पाचवाच. त्याने नकार दिला तर वेळ आणि गटातील माणसे लिहून ठेवावीत. त्याच्या जागी हसऱ्या चेहऱ्याचा सहावा गट घेऊ नये.

प्रश्न परतताना विचारावेत. अमेरिकेची वनसेवा २०००पासून आपल्या जंगलांतील पाहणीत भेट संपवून, पुन्हा आत न जाता बाहेर पडणाऱ्यांनाच विचारते, कारण आत जाणाऱ्याने अजून काही पाहिलेलेच नसते. दूधसागरच्या जीपगाड्या जिथून सुटतात त्या कुळ्याला, परतल्यावर जीपमधून उतरताच, चालकाच्या कानाआड विचारावे. फॉर्म चालकाच्या हातून दिला तर सगळे गुण चांगलेच येणार. चोडणचे पक्षी अभयारण्य पाहून आलेल्यांना फेरीबोटीच्या धक्क्यावर गाठावे. तिथे त्यांच्याकडे वेळही असतो.

प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत. ‘स्वच्छता आणि सुरक्षा कशी वाटली?’ असा जोडप्रश्न टाळावा, उत्तर कशाचे ते कळत नाही. शौचालय, कपडे बदलण्याची खोली, दिशाफलक, लाइफ जॅकेट या प्रत्येकाबद्दल दोनदा विचारावे: तुमच्या दृष्टीने किती महत्त्वाचे, आणि प्रत्यक्षात कसे होते. महत्त्व जास्त आणि गुण कमी, तिथे पैसा आधी जावा. फॉर्म मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नडमध्ये हवा. शेजारच्या कर्नाटकातून येणारे लोक वगळून चालणार नाही.

वागणुकीबद्दल मात्र विचारून उपयोग नाही. ‘कचरा टाकला का?’ याला सगळे ‘नाही’ म्हणतात. ती पाहावीच लागते. सकाळी १०० मीटरची वाट पूर्ण साफ करून संध्याकाळी बाटल्या व पिशव्या मोजाव्यात. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीत माकडांना खायला घालणारे आणि दोरीपलीकडे पाण्यात उतरणारे किती, याची नोंद करावी. कोणाचे नाव किंवा फोटो घेऊ नये. पायवाटेवर इन्फ्रारेड मोजणीयंत्र लावले तर शेजारी-शेजारी चालणारे दोघे ते एकच मोजते आणि हलणाऱ्या फांदीलाही माणूस समजते. म्हणून काही तास माणूस बसवून पडताळावे. माणसाने १०० मोजले आणि यंत्राने ८० दाखवले, तर यंत्राचा आकडा १.२५ने गुणायचा.

आणखी एक. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे पर्यटक पूर्ण समाधानी असूनही कासवांची पिल्ले दिव्यांच्या उजेडाकडे भरकटू शकतात. तेव्हा समाधानाच्या आकड्याशेजारी उजेडाची आणि घरट्यांची नोंदही ठेवावी, नाहीतर पाहणी अर्धीच.

पाऊस ओसरल्यावर दूधसागरच्या जीपगाड्या सुरू होतील. त्याआधी हरवळेच्या धबधब्यावर ३० जणांवर फॉर्मची चाचणी घेता येईल. ज्या प्रश्नावर लोक ‘म्हणजे काय?’ असे उलट विचारतील, तो प्रश्न बदलून मगच छपाईला द्यावा. निकाल जाहीर करताना नकार किती मिळाले तेही छापावे आणि प्रत संबंधित पंचायतीला द्यावी.

– क्षेत्रपाहणीचे काम करणारे काही वाचक, फोंडा