चीडच्या जंगलात शेकोटी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उत्तराखंडातल्या कुमाऊं भागाचा प्रवासलेख वाचला. लेखिकेने मनापासून लिहिलं आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे सोबतच्या छायाचित्राबद्दल. मे महिना, चीडचं म्हणजे हिमालयातल्या पाइन वृक्षांचं रान, खाली पिरुलाचा थर आणि त्यावरच पेटवलेली शेकोटी! वर ‘हा अनुभव चुकवू नका’ अशी शिफारस. छापण्याआधी एकालाही हे खटकलं नाही?

पिरूल म्हणजे चीडच्या गळालेल्या, वीतभर लांब सुया. उन्हाने त्या अशा वाळतात की एक ठिणगी पुरते. लीसा, म्हणजे चीडचा चिकट डिंक, काढण्यासाठी खोडाला खाचा घातल्या असतील, तर आग तिथूनच झाडावर चढते. तरीही मोठा झालेला चीड जाड सालीमुळे बहुधा वाचतो. जळतात ती बांज (तिथला ओक), काफळ, बुरांश अशा रुंद पानांच्या झाडांची रोपं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या कालिज कोंबड्यांची घरटी. राखेच्या उघड्या जमिनीवर पुन्हा चीडच रुजतो, आणि ज्या बांजच्या रानाखाली गावाचे नौले, म्हणजे झऱ्यांची बांधीव कुंडं, भरतात ते रान मागे हटतं.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं रानीखेतला राहत होतो. एका मे महिन्यात आपल्याच महाराष्ट्रातल्या एका सहलीने आमच्या घराखालच्या रानात शेकोटी पेटवली. मी जाऊन विनवलं. टूर मॅनेजर म्हणाला, “काकू, पॅकेजमध्ये कॅम्पफायर आहे, लोकांनी पैसे भरलेत.” नंतर मंडळी जेवायला निघून गेली, निखारे तसेच. वारा सुटला होता. खालच्या वस्तीतल्या बायका धावत आल्या. चढावरून डोक्यावर वाहून आणलेलं पिण्याचं पाणी त्यांनी त्या निखाऱ्यांवर ओतलं, पसरलेली आग हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवली. सकाळी त्यांच्या घरी चहापुरतंही पाणी नव्हतं. मी त्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर नाही, दिलगिरीचा एक शब्द नाही. तो संताप अजून उतरलेला नाही.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा तिथे वणव्यांचा हंगाम धरतात, आणि आपल्या मुलांच्या सुट्ट्याही त्यातच येतात. पिरूल उचलला जावा म्हणून मे 2024 मध्ये तिथल्या सरकारने त्याचा खरेदीदर किलोला 3 रुपयांवरून 50 रुपये करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात, 13 जूनला, बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या पथकातले चार जण होरपळून गेले. ज्या रानासाठी माणसं जीव देतात, तिथे शेकोटी करा असं आपण वाचकांना सांगायचं?

आणखी एक. त्याच पानावरच्या दुसऱ्या छायाचित्राखाली ‘देवदार वृक्ष’ छापलं आहे. तोही चीडच आहे. तीन-तीनच्या जुडग्यात लोंबणाऱ्या लांब सुया चित्रात स्पष्ट दिसतात. देवदाराच्या सुया आखूड असतात.

शेकोटीबद्दलची सूचना पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक छापावी ही विनंती. लोकांची तिकिटं काढून झालेली आहेत.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे