अनंत चतुर्दशीला घरी येते आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दर गुरुवारी संध्याकाळी माझा फोन बंद का असतो, असे आईने तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मी कामाचे निमित्त सांगितले. ते खरे नव्हते. त्या वेळी मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाते. मला वेड लागलेले नाही, काळजी करू नका; परंतु आमच्या इमारतीजवळ खोदकाम सुरू झाल्यापासून जमीन जराशी थरथरली, की मी मुलीला उचलून जिन्याकडे पळत असे. त्या क्षणी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट मला आठवत नसे, तर ती पुन्हा घडत असे, आणि नाकातोंडात माळवदाची माती गेल्यासारखे होई.

या उपचाराला ईएमडीआर म्हणतात. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना असे जाणवले, की डोळे भरभर इकडेतिकडे हलले की मनाला टोचणाऱ्या विचाराची धार कमी होते. त्यातून त्यांनी ही पद्धत उभी केली. ऐकून बाबा हसतील, कारण मीही हसले होते. आपल्याकडे दृष्ट काढतात, तसलेच काहीतरी असेल असे मला वाटले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी हिची शिफारस केली आहे, हे वाचल्यावर मी वेळ ठरवली.

जुनी खपली काढू नये, असे आई नेहमी म्हणते. बाईंनीही ती लगेच काढली नाही. पहिले काही गुरुवार माझी माहिती घेण्यात आणि मन घाबरले तर ते कसे सावरायचे हे शिकवण्यातच गेले. त्यानंतर त्या रात्रीचे सर्वांत वाईट दृश्य डोळ्यांपुढे आणायला सांगून त्यांनी विचारले, की ० ते १० मध्ये त्रास किती. मी ९ म्हणाले. मग त्या दोन बोटे माझ्या डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे हलवत आणि मी मान न हलवता नजरेने त्यांचा पाठलाग करत असे. अर्धा मिनिट झाला की थांबून त्या विचारत, "आता काय जाणवते?" मी सांगितले, की त्या एवढेच म्हणत, "त्याच्याबरोबर राहा," आणि बोटे पुन्हा हलू लागत. एकाच वेळी दृश्य धरून ठेवणे आणि बोटांमागे जाणे मनाला झेपत नाही, म्हणून दृश्य फिके पडते, असे एक स्पष्टीकरण आहे. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला त्या वादाशी फारसे कर्तव्य नाही.

ते दृश्य कोणते, हे मात्र तुम्हाला सांगायला हवे. विसर्जनाहून आल्यावर धाकट्याला अंगणात आजीजवळ झोपायचे होते. वाकळ एकच होती. मी त्याला ढकलले आणि म्हणाले, "तू आत जा, आईपाशी झोप." तो डोळे चोळत आत गेला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंती आल्या. दुपारी आई जिवंत निघाली, तो निघाला नाही, आणि मी त्याला आत पाठवले होते ही गोष्ट मी आजपर्यंत कोणालाही सांगितली नाही. आई, तू त्याच्यासाठी रडायला लागलीस की मी उठून जात असे. तुला ते कोरडेपण वाटले असेल.

चौथ्या की पाचव्या खेपेला बोटे थांबली तेव्हा मला दगड दिसले नाहीत. झोपाळलेली, पाय दुखत असलेली ८ वर्षांची एक मुलगी दिसली, माझ्या लेकीएवढी. त्या दिवशी मी खूप रडले आणि रात्रभर विचित्र स्वप्ने पडली. असे होते हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. गेल्या गुरुवारी आकडा १ होता. तो ० झालेला नाही आणि व्हावा असा माझा हट्टही नाही.

इतकी वर्षे रजा नाही म्हणून मी या दिवसांत गावी येणे टाळले. यंदा चतुर्दशीला लेकीला घेऊन येते आहे. रात्री आम्ही दोघी अंगणात झोपू. आजीची वाकळ ट्रंकेत असेल, ती काढून दोन दिवस उन्हात टाकून ठेव.

तुमची,
ताई